अठ्ठावीस डोकी आणि एक सिंह

...नाही, नाही, विश्वास ठेवला नाही म्हणजे अजिबात नाही! कोणीच नाही! नवऱ्याने नाही, दिराने नाही, सासूबाईंनी तर माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही असा नेमच धरलेला आहे, त्यांचं सोडा. पण तुम्हाला सांगते, हे अठ्ठावीस डोक्यांचं धूड कारखान्यात आलं ना, त्याच दिवशी मी म्हटलं होतं, हे आपल्या कामाचं नाही. स्पष्ट म्हटलं होतं. खोटं वाटत असेल तर भिंतीला विचारा!

आता तुम्ही म्हणाल, बाई चौथी शिकलेली, हिला कॉम्प्युटरमधलं काय कळतं? नाहीच कळत. पण काम कळतं की नाही? आमचा कारखाना भरतकामाचा. कारखाना म्हणजे काय, दोन खोल्या, एक मोठं भरतकामाचं मशीन, चार बायका, कोटांची रांग टांगायला भिंतीवर एक दांडा, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर. गिऱ्हाइकाने चित्र आणलं की भाऊजी ते कॉम्प्युटरमध्ये घालणार, कॉम्प्युटर त्याचे टाके पाडणार, आणि मग मशीन ते टाके कापडावर भरणार. एवढंच. मी सगळ्यांवर देखरेख करते. तिथे मला सगळे मोठी वहिनी म्हणतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा म्हणतात, मी काय करू?

तर जुना कॉम्प्युटर मेला. भाऊजी गेले दुकानात, आणि दुकानदाराने दोन डबे दिले पाठवून. आठ दिवस वापरून बघा, हवा तो ठेवा, किंमत दोन्हींची सारखीच. एक नवा, टेबलावरचा साधा, सहा कोअरचा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधली डोकी, असं भाऊजींनी मला समजावलं. आणि दुसरा सर्व्हर. कुठल्याशा मोठ्या ऑफिसातून निघालेला, लांबलचक, जड, दोन बायकांनी धरला तेव्हा उंबरा ओलांडला. त्याला डोकी किती? अठ्ठावीस! भाऊजींच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. "वहिनी, अठ्ठावीस! त्याच किमतीत! एका डोक्यामागे भाव काढा तुम्ही!"

मी म्हटलं, "भाऊजी, डोकी काय मोजता, काम किती उरकतं ते बघा."

"पण वहिनी, तो तुमचाच..."

"माझं नाव मध्ये आणू नका," म्हटलं. मी काही मागवलं होतं का?

मग भाऊजींनी लावली शर्यत. दोन्ही डबे कटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी. आणि चालू केला सर्व्हर... अगं बाई! विमान उतरतंय की काय असा आवाज! चौघींतली आमची काजं-बटणंवाली सुई टाकून उभी राहिली. मागून गरम वारा. सासूबाई आतून आल्या, खुर्ची ओढली, आणि त्या वाऱ्याकडे गुडघे करून बसल्या. "हा छान आहे," म्हणाल्या. झालं! एक मत तिकडे पडलं.

आणि शर्यत कसली? भाऊजींनी आमची जुनी वीस चित्रं काढली आणि वीसच्या वीस एकदम कामाला लावली. सर्व्हरने भराभरा उरकली. साधा बिचारा मागे पडला. भाऊजी टाळ्या वाजवतायत, नवरा मान डोलावतोय... आमचे हे बोलत नाहीत, मान डोलावतात, लग्नाला होकारसुद्धा मानेनेच दिला होता. मी म्हटलं, "अहो, पण आपण वीस चित्रं एकदम कधी करतो? आपल्याकडे गिऱ्हाईक येतं एक, आणतं एक चित्र, आणि डोक्यावर बसून राहतं!" कोणी ऐकलं? मी दुकानदाराला फोन लावला. म्हटलं, "हा डबा आधी काय करायचा?" तो म्हणाला, "ताई, तिथे दोनशे माणसं एकाच वेळी त्याला कामं सांगायची. सगळ्यांना पुरून उरायचा. रात्रंदिवस थकायचा नाही."

"आमच्याकडे काम सांगणारा एकच आहे," मी म्हटलं, "आणि तो दुपारी झोपतो."

तरी ठरलं, सर्व्हर ठेवायचा, साधा परत. मी म्हटलं होतं, पस्तावाल. भिंतीला विचारा!

आणि मग आले बँडमास्तर. शहाण्णव वादकांचा बँड, शहाण्णव कोट, प्रत्येक कोटाच्या पाठीवर एक सिंह. अख्खा हंगाम तरून जाईल असं काम, तुम्हाला सांगते! हे मिळालं तर चारही बायका राहणार, नाही मिळालं तर दोघींना घरी बसवावं लागणार होतं. काजं-बटणंवालीला ते माहीत होतं, ती सकाळपासून चार वेळा सुई मोडून बसली होती. बँडमास्तर ठरल्याप्रमाणे तीनला आले आणि म्हणाले, "मोठी वहिनी, पाचला माझी गाडी आहे. नमुना हातात पडला तर काम तुमचं. नाहीतर पलीकडच्या गल्लीतला वाट बघतोय." आणि बसले. टेबलावर बोटांनी ताल धरून. टक-टक, टक-टक.

भाऊजींनी सिंह घातला. सर्व्हर घोंगावतोय. पाच मिनिटं. दहा मिनिटं. टक-टकटक. पंधरा मिनिटं! मी म्हटलं, "भाऊजी, अठ्ठावीस डोकी करतायत काय?" त्यांनी पडद्यावर एक चौकट उघडून दाखवली. अठ्ठावीस खिडक्या, एकेका डोक्याची एकेक. मी बोटाने मोजल्या. एका खिडकीत रेघ नुसती नाचतेय, जीव तोडून. आणि बाकीच्या सत्तावीस? सपाट! निवांत! सत्तावीस जण बसून एकट्याची मजा बघतायत!

"त्यांना उठवा की!"

"उठत नाहीत, वहिनी. एक टाका कुठे संपला ते कळल्याशिवाय पुढचा कुठून काढायचा ते ठरत नाही. एकामागून एकच करावं लागतं."

"मग तो एक तरी चपळ असावा!"

"तो... जरा सावकाश आहे. डोकी जास्त असली की प्रत्येकाला सांभाळून चालावं लागतं, नाहीतर डबा तापतो."

ऐका! अहो, एक बाही एकच बाई शिवते. एका बाहीला अठ्ठावीस जणी बसवल्या तर सत्तावीस गप्पा मारतील आणि जी शिवतेय तिला कोपर लागेल! हे सांगायला शाळा लागते?

पंचवीस मिनिटांनी सिंह पडद्यावर आला. बँडमास्तरांनी चष्मा लावला. "हा जांभई देतोय," म्हणाले. "गर्जना हवी. आणि शेपूट वर." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! पुन्हा पंचवीस मिनिटं! वर कापडावर भरायला पन्नास. त्यात यांना आणखी काही सुचलं तर गाडी गेलीच! काजं-बटणंवाली माझ्याकडे बघतेय, मी घड्याळाकडे बघतेय, आणि टकटक आता टकाटक-टकाटक व्हायला लागलं होतं.

मग मी उठले. कटिंगच्या टेबलाखाली वाकले, अस्तराचे तीन गठ्ठे बाजूला सारले, आणि काढला बाहेर साधा. सहा डोक्यांचा. हो! परत पाठवलाच नव्हता! दुकानदाराला सांगितलं होतं, आठ दिवस म्हणजे आठ दिवस, आज सहावा आहे, वाट बघ.

भाऊजींचं तोंड गर्जनेएवढं उघडं. "वहिनी, तुम्ही..."

"जोडा!"

जोडला. शेपूट वर, गर्जना, दहा मिनिटं! बँडमास्तर म्हणाले, मिशा हव्यात. घ्या मिशा, आणखी दहा मिनिटं! चारला मशीन सुरू झालं. मध्ये दोनदा दोरा तुटला, काजं-बटणंवालीने ओवला, एकही सुई न मोडता. पाचला पाच कमी असताना सिंह बँडमास्तरांच्या हातात. त्यांनी तो छातीला लावून बघितला, स्वतःच जरा गुरगुरले, आणि म्हणाले, "शहाण्णव." आणि गेले. चौघी बायका एकमेकींच्या गळ्यात. मी नाही पडले. मला पुढचं काम होतं.

आता चूक कुणाची, त्याचा हिशेब घ्यायचा होता! मी सगळ्यांना उभं केलं, सासूबाई सोडून, त्यांचे गुडघे अजून शेकत होते. "बोला," म्हटलं. "हे धूड कुणामुळे आलं?" भाऊजी म्हणाले, दुकानदारामुळे. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मी तर साधाच घ्या म्हणत होतो. तुमच्या भाऊजींनी मला कारखान्याचा नियम ऐकवला, मग मी दोन्ही पाठवले."

"कसला नियम?"

"तेच मी कधीपासून सांगतोय," भाऊजी म्हणाले, "पण वहिनी, तो तुमचाच..."

"माझा काय संबंध! मी पहिल्या दिवसापासून म्हटलं होतं! भिंतीला विचारा!"

तर आमचे हे पुढे झाले. जन्मात कधी न बोलणारा माणूस, सावकाश चालत भिंतीपाशी गेला, दांड्यावरचे टांगलेले कोट एका हाताने बाजूला सारले, आणि म्हणाला, "विचारलं."

कोटांमागे पाटी होती, लाल रंगाने रंगवलेली. बारा वर्षांपूर्वी शाळेचे गणवेश अडले होते, अठ्ठावीस बायका बसवून उरकले, तेव्हा मीच पेंटर बोलावून लिहून घेतली होती, आणि पुढे कोट टांगून टांगून विसरले होते. काजं-बटणंवालीने मोठ्याने वाचली, तिला कोणी सांगितलं होतं वाचायला?... "काम अडलं की डोकं चालवत बसू नका. डोकी वाढवा. एकापेक्षा अठ्ठावीस बरी. हुकमावरून, मोठी वहिनी."