नागपूरच्या फोटोत मामाजी

जमलेल्या बायांनो, भाऊंनो, मले भाषण येत नाई. सासऱ्यासाठी सुनेनं माईक धरला, हे मोहर्लीत नवलच! पण बोलते. परवापासून मी सपनातच चालून राह्यली. वाटते, आतून मामाजीची हाक येईल.

मामाजी इसरू लागले होते. चष्मा डोक्यावर, अन् शोधाचे चुलीपाशी. बोलता बोलता थांबाचे, रानाकडं पाहत बसाचे. माझे मालक म्हणाले, "बुढ्याचं डोकं गेलं. घराले कुलूप लावू, चंद्रपूरच्या क्वार्टरात नेऊ." रानातला माणूस दोन खोल्यांत जगला असता का?

आधी नागपूरले दाखवलं. डॉक्टरबाईनं चित्रं दाखवली. गाय? गाय म्हणाले. मोर? मोर. मंग वाघ आला, अन् मामाजी गप. पुन्हा इचारलं. गपच. मालकाच्या डोयात पाणी आलं. जन्मभर वाघाच्या रानात गुरं चारली, अन् वाघच इसरला बाप!

मंग डोक्याचा फोटो काढाच्या मशीनमंधी सरकवलं. ठकठक, ठकठक. बाहेर येऊन म्हणतात, "मस्त झोप लागली बाप्पा!" बाईनं मेंदूचा फोटो उजेडात धरला. मले तं धुक्यातलं तळंच दिसलं. बाई म्हणाल्या, "मेंदू थोडा आकसलाय, पण वयाच्या मानानं. आजाराची खूण दिसत नाही. तरी नुसत्या फोटोवर मी सांगणार नाही. बाबा, वाघ का नाही ओळखला?"

"ओळखला ना बाई. पण त्याचं नाव घेत नसते. घेतलं तं येते तो. मले परत त्याच्याच रानात जाचं आहे ना."

अगं माय! आमच्या जुन्या लोकायची रीतच ती. अन् आमी, मोहर्लीचेच, समजलो नाई! पाहुण्यायले वाघ दाखवणाऱ्या जिप्सीवाल्यायसंगं दिवसभर वाघ-वाघ करून आमचंच डोकं गेलं होतं. बाई हसल्या. मालक तिथीच रडले.

कुलूप लागलं नाई. चष्मा मामाजी शेवटपर्यंत हरवतच राह्यले. अन् परवा सकाळी, अंगणात, माझ्याकडं पाहून म्हणाले, "शांते, तू चहा घेतला का?" मी हो म्हटलं. ते गेले.

आपल्या घरी गेले. मले ओळखून गेले. अजून काय पायजे, सांगा?

आता कोणी बोलू नका. उलसाक वेळ उभे राहा माझ्यासंगं, चुपचाप. मामाजी, सुखानं या आता.