मानाच्या बैलाची माथोटी

आजच्या समारंभाचे आणि शाळा समितीचेही अध्यक्ष माननीय किशनराव, म्हणजे आमचे मामंजी. मुख्याध्यापक वैजनाथ सर, सत्कारमूर्ती अयोध्या मॅडम, सर्व गुरुजन, माझ्या आयाबहिणींनो आणि बालमित्रांनो,

सासरे अध्यक्षस्थानी असताना सुनेनं माईक हातात घेतलाय, असं आपल्या गावात आजवर झालेलं नाही. मामंजींची परवानगी घेऊनच उभी आहे. काय बोलणार, ते मात्र त्यांनी विचारलेलं नाही.

मॅडम पहिलीच्या वर्गावर आल्या, तेव्हा माझी लेक राजकन्या पेन्सिल धरायलाच तयार नव्हती. बोटं दुखतात म्हणायची, वहीवर डोकं ठेवून रडायची. मॅडमनी पेन्सिल बाजूला ठेवली आणि तिच्या हातात लोकर दिली. आधी गुंडा करायचा, मग बोटांवर साखळी विणायची, मग तीन पदरांची वेणी. दर शनिवारी असा तास घ्यायच्या, सगळ्या वर्गाचा, मुलांचासुद्धा. झालं! पोरं शाळेत वेण्या घालून राहिलीत म्हणून गावभर बोभाटा.

समितीच्या बैठकीत मामंजींनी स्पष्टच सांगितलं, की लेकरं अक्षरं शिकायला येतात, लोकर गुंडाळायला नाही. मॅडमनी वाद घातला नाही. बोटांत बळ आलं की अक्षर येईल, एवढंच म्हणाल्या आणि पोळ्यापर्यंतची मुदत मागितली. त्यानंतर तास बंद, हे ठरल्यासारखंच होतं.

त्या श्रावणात वर्गात काय चाललं होतं, ठाऊक आहे? प्रत्येक लेकरू बैलासाठी गोंडा करत होतं. बबलूच्या घरी बैल नाहीत, त्यानं ट्रॅक्टरच्या आरशासाठी केला. हसू नका, तो गोंडा अजून तिथंच आहे.

राजकन्येनं बैलाच्या कपाळावर बांधायची लाल-पिवळी माथोटी केली आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, आजोबांपुढे धरली. मामंजी म्हणाले, हदगावच्या बाजारातून नवीन आणलीय. ती जागची हलली नाही.

"आबा, ही म्या केलीय. वढून बघा, तुटत न्हाई."

मामंजींनी खरंच ओढून बघितली, दोन्ही हातांनी.

दुसऱ्या दिवशी वेशीतून मानाची जोडी निघाली, ती आमची. पहिल्या बैलाच्या कपाळावर राजकन्येची माथोटी! मागं जोडीमागून जोडी, आणि जिकडं बघावं तिकडं लेकरांचे गोंडे. बाया ओट्यावरून ओळखून सांगत होत्या, ह्यो अंगदचा, ह्यो पुनमचा. कुणा पाहुण्यानं विचारलं, किशनराव, माथोटी कुठून आणली? हलगी वाजत होती, तरी मामंजींचं उत्तर मला ऐकू आलं.

"आणली न्हाई. आमच्या नातीनं शाळेत केलीय."

पुढच्या बैठकीत तास बंद करायचा विषय निघालाच नाही. उलट लोकर समितीनं आणावी, असं मामंजींनीच सुचवलं. आणि दिवाळीनंतर माझी लेक न रडता आपलं नाव लिहू लागली. त्यातला 'ज' जरा वाकडा येतो, पण तिची ती लिहिते.

मॅडम, आता तुम्ही निवृत्त होऊन लातूरला लेकाकडे चाललात. तासाचं काय होणार, हा घोर मला होता. काल सकाळी मी चहा दिला, तेव्हा मामंजी म्हणाले, "तनुजा, शनिवारी तू जात जा शाळेत. त्यो तास बंद पडाया नको."

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला रानात जा म्हटलंय. शाळेत जा, हे पहिल्यांदाच. मॅडम, या शनिवारी मी वर्गावर असेन.

मला बोलू दिलंत, सगळ्यांची ऋणी आहे. घरातली गोष्ट माईकवर सांगितली, काही कमीजास्त बोलले असेन, तर पोटात घाला. मामंजींची माफी मी घरी गेल्यावर मागते.