कुसळीच्या खिंडीत मिळालेलं नाव

ऐका. शेकोटीत लाकूड सारा आणि मधे बोलू नका, मला हे एकदाच सांगायला जमेल.

दादाला जाऊन एकवीस दिवस झाले होते. अंधार पडल्यावर मी कुऱ्हाड घेतली आणि कुसळीच्या खिंडीकडे निघालो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आत्माराम, इंग्रजांशी लढणाऱ्या टोळीचा पुढारी. त्याच खिंडीत पोलिसांशी चकमक झाली. आठ जण गेले, सात परत आले. गोळी एकच लागली, ती दादाच्या कानामागे. आता सांगा, पोलीस समोर असताना कानामागे कशी लागते? सोबत्यांनी प्रेत रानातच जाळलं, घरच्यांनी पाहिलंही नाही. मग काय, गावात जो तो वेगळंच बोलतो. कुणी म्हणतं पोलिसांची गोळी, कुणी म्हणतं टोळीतल्याच माणसाची. कुणी तर म्हणतं, तो मेलाच नाही, गोसावी होऊन फिरतोय. वहिनी त्या बोलण्यावर अजून कुंकू लावते.

मला मारणाऱ्याचं नाव हवं होतं. बास.

खिंडीत शिरलो तर दादाचा खोकला. पुढे दगडावर दादाच बसलेला, तीच घोंगडी. मी रडलो. मग विचारलं, कुणी मारलं?

"दौलतीनं."

दौलती दादाचा जिवाचा दोस्त. पण माझ्या मनात आधीपासून तेच नाव होतं! तो पलीकडच्या वस्तीवर एकटा आहे, दार नुसतं लोटलेलं आहे, हेही दादानं सांगितलं. मी वळलो.

"ज्ञानू, जायच्या आधी जरा तंबाखू मळ."

चंची काढली, चुना बोटावर घेतला. आणि हात थांबला. अरे, दादानं मारुतीपुढे शपथ घेतली होती, इंग्रज जाईपर्यंत तंबाखूला शिवणार नाही. चार वर्षं पाळली. तुरुंगात तापानं फणफणला तेव्हाही पाळली.

"तू माझा दादा नाहीस," मी म्हणालो.

ते हसलं. दौलती नाही तर शिदू, म्हणालं. शिदू नाही तर गणपा. सातही जणांची नावं घेतली, दरवेळी दादाच्याच आवाजात. मग आवाज पाठीशी आला. मानेवर गार श्वास.

"मग तूच मारलंस, ज्ञानू."

पळालो. माझी घोंगडी पायात गुंतत होती. पडलो, उठलो, पळालो. कुऱ्हाड तिथंच राहिली. थांबलो तो दौलतीच्या दारात. दार खरंच लोटलेलं होतं. आत तो दादाचा सदरा मांडीवर घेऊन जागा बसला होता, रक्ताचा डाग तसाच.

"ये," म्हणाला. "कधी विचारायला येतोस, तेच बघत होतो."

कुणी मारलं, मला अजून ठाऊक नाही. पण शोधणार. सातही जणांना विचारणार, दिवसाढवळ्या, समोर बसून, रिकाम्या हातांनी. तुम्ही मात्र रात्री त्या खिंडीत जाऊ नका. मनात एखादं नाव धरून तर मुळीच जाऊ नका. तिथं तेच मिळतं.