बारा कॅमेऱ्यांपुढची घागर

लाव, लाव, गुडघ्यावरही लाव ती चकाकती टिकली, शलाका. सुनेची ही तंग विजार घालून बसलेय, आता लाजायचं काय राहिलंय – लुगड्यात गुडघा दिसत नाही म्हणे कॅमेऱ्याला. दिसत नव्हता तेच बरं होतं.

तुझ्या मैत्रिणीला, माझ्या नातीला, हे खूळ कुठून लागलं सांगू? गुंजनने मला जुने फोटो दाखवले, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे – एक बाई बादली घेऊन पायऱ्या चढतेय, बाई एकच, पण फोटो बारा, पावलागणिक एक. मी म्हटलं, बादलीचं काय कौतुक, तुझी आजी भरलेली घागर डोक्यावर घेऊन विहिरीवरून मैलभर यायची, थेंब सांडायचा नाही. झालं! पोरगी इथे हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनला जन्मलेली, घरासमोर कालवा – पाणी कुणी लांबून आणतं याचंच तिला नवल. शेवटच्या वर्षाचा सगळा प्रबंधच तिने माझ्यावर मांडला. बारा कॅमेरे काय, टिकल्या काय.

आणि आता तिच्या मॅडम म्हणतात, परत चाला. का? तर डोक्यावर बारा किलो आणि गुडघा मोकळ्या माणसासारखा वाकतो, असं आजवर कुणाचं आलं नाही. गुंजन खूश. म्हणते, आजी, तू जगावेगळी आहेस. गुरुवारी सगळ्यांपुढे हेच सांगणार आहे – तू हसतेस का गं, शलाका? तू साताऱ्याकडची, घागरी वाहणाऱ्या बायका बघितलेली, तुला मागच्या वेळीच कळलं असणार. म्हणजे – काय कळलं असणार? काही नाही. टिकली लाव.

बरं बाई, मागच्या वेळी पाणी ओतलं मी. तिने घागर भरली, वजन केलं, कॅमेऱ्यांकडे पळाली, आणि मी बेसिनमध्ये ओतलं. न ओतून करते काय? मी जन्मात डोक्यावर घागर घेतलेली नाही. आमच्याकडे पाणी आणायची मालिनी, माझी थोरली जाऊ. मी चुलीपुढे भाकऱ्या थापायची आणि दारातून तिला येताना बघायची, रोज, अकरा वर्षं. मान ताठ, डावं कोपर जरा बाहेर, उतारावर चवडा आधी, मग टाच – डोळे मिटले की एकेक पाऊल वेगळं दिसतं, तुमच्या फोटोंसारखं. तशीच चालले मी. नंतर माझे ते बारा फोटो बघितले तर मी नव्हतेच त्यांत, मालिनी होती. बिचारीचा जन्मात एकच फोटो निघाला, लग्नातला, त्यातही पदराने तोंड झाकलेलं.

आणि खाली नाव माझं. काय करू, नातवंडं जावेची गोष्ट ऐकत नाहीत गं, 'मी' म्हटलं की कान टवकारतात. इतकी वर्षं सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं होतं. आजही अर्धी घागर घेऊन निभावून न्यावं म्हणून आले होते – तू काही बोलली नसतीस, नाही का? पण गुरुवारी ती एकटी उभी राहणार, आणि कुणीतरी शहाणा नेमकं गुडघ्याचं विचारणार. मग पोरीने काय सांगायचं, आजी खोटं बोलली? ते माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

आली बघ. घागर पोटाशी धरून कशी वाकडी होऊन चालतेय.

गुंजन, ठेव ती खाली. कॅमेरे राहू देत, बस इथे माझ्याजवळ. शलाका, तू जरा बाहेर जा. दार ओढून घे.