त्याच वजनाची गोळी

—नाही, नाही देणार. वजन तेच, कंपनी तीच, टोकसुद्धा तसंच—सगळं मान्य, ऑर्व्हलकाका, आणि तरीही गोळ्यांचा हा डबा मी तुम्हाला देणार नाही. आधी सांगा, काडतुसात बंदुकीची दारू किती भरणार? ...नेहमीचीच. वाटलंच मला! नेहमीची म्हणजे काळ्या मुलाम्याच्या गोळीची, हो ना? ती गोळी अख्ख्या मोंटानात मिळेनाशी झालीय, शनिवारी एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतोय, म्हणून आता ही उघड्या तांब्याची घ्यायची आणि दारू मात्र तीच—हसताय काय? बाबांना विचारायचंय? बाबा मागच्या खोलीत आहेत, ऐका, खट्-खट्—उडवलेल्या काडतुसांची रिकामी पितळं प्रेसखाली घालून सारखी करताहेत. त्यांना कशाला उठवायचं? काउंटरवर मी आहे. पोरगी बोझमनच्या कॉलेजात जाऊन चार बुकं शिकली आणि आता आम्हाला काडतुसं भरायला शिकवते—म्हणा, म्हणा, सगळं गाव म्हणतं.

फरक काय म्हणे! एल्कला काही फरक नाही, काका, काळी लागली काय नि तांब्याची लागली काय, तो मरतो. फरक नळीला आहे. तो काळा मुलामा असतो गुळगुळीत, त्यामुळं गोळी नळीतून घासत जायच्या ऐवजी घसरत जाते. घासणं कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून वेग कमी. मग तुम्ही मंडळींनी काय केलंत—तुम्ही, बाबांनी, त्या नेमबाजीच्या क्लबातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी? गेलेला वेग परत आणायला दारू वाढवली. चांगलं केलंत, काळ्या गोळीला ती चालली. पण त्याच वाढवलेल्या दारूवर ही उघडी गोळी बसवलीत तर ती नळीत आवळत, घासत जाणार, आणि मग तो सगळा दाब मागं येणार. मागं कुणाचं तोंड असतं, काका? तुमचं नाही. मारेनचं. नातीला पहिला एल्क मारायला नेताय ना? पोरगी कालच येऊन गेली, नारिंगी टोपी घेऊन गेली, आरशासमोरून हलेना. नळीचं मागचं तोंड बंद करणारा तो बोल्ट तिच्या गालाला लागून असणार.

कमी दारूनं, खालून सुरुवात करायची, थोडी थोडी वाढवत जायची, प्रत्येक वेळी पितळ तपासायचं—गोळी बदलली की सगळं पहिल्यापासून. ही काय माझी अक्कल आहे? प्रत्येक पुस्तकात छापलंय. पण पुस्तकं कोण उघडतं? तुमचं सगळं पाठ! पाठ असल्याचा तर केवढा तोरा! आणि डोळ्यांना जपायचा तो चष्मा? चष्मा पोरींनी घालायचा, गडी लोक कशाला घालतील? ट्रेंटलाही तुम्हीच चिडवलं होतंत—मी होते तिथं, निशाणबाजीच्या पट्ट्यावर, तुमच्या गाडीच्या फाळक्यावर बसलेली. काय रे, वेल्डिंग करायला आलास का, म्हणालात. माझ्या भावानं चष्मा काढून खिशात घातला. आठवतंय?

...नाही म्हणत मी तुमच्यामुळं झालं म्हणून. बसा. बसा हो, काका.

पहिली गोळी सुटली तेव्हा बोल्ट उघडेना. ट्रेंटनं तळहातानं ठोकून उघडला. तिथंच थांबायचं होतं! जड बोल्ट म्हणजे रायफल ओरडून सांगत असते, मला सोसत नाही म्हणून. आणि तुम्ही नि बाबा, दोघं काय म्हणालात? वंगण वाळलंय. मार अजून एक, म्हणालात. त्यानं मारली, आणि बोल्टमागून सगळं त्याच्या तोंडावर आलं. ...हो, रायफल आजोबांची होती. जुनी होती, हो. पोलाद कच्चं होतं, बाबा सगळ्यांना तेच सांगतात—कुणी विषय काढला की रायफल, रायफल, रायफल—

रायफलला काही झालं नव्हतं! काय झालं होतं सांगू? उरलेली काडतुसं मी घरी नेऊन उघडली. गोळ्या उपटल्या, दारू तराजूवर घातली. काळ्या गोळीची दारू होती, काका. पुरती. आणि वर उघडी गोळी. ह्याच काउंटरवरची, असल्याच डब्यातली. वजन तेच आहे, मग काय झालं—असं म्हणून भरली. आईला सांगितलं मी. आई म्हणाली, ह्यातलं अक्षरही ह्यांच्या कानावर जाता कामा नये, हे जगायचे नाहीत. आणि ट्रेंट—एका डोळ्यावर पट्टी, तोंड सुजलेलं, धड बोलता येईना—तो बाबांना म्हणतो, रायफल खराब होती, बाबा. आम्ही तिघांनी तेच धरून ठेवलंय. आता तो तिकडं दूर स्पोकेनला असतो. हंगामात फिरकत नाही, फोन आला तर हवापाण्याचं बोलतो. आणि दारू मी मोजते. बाबांना सांगितलंय, तुमचे हात कापतात. नाही कापत त्यांचे हात! दगडासारखे स्थिर आहेत!

आवाज चढला का? चढू दे. किती जपायचं तुम्हा लोकांना? तुम्ही चुकायचं, डोळा पोरांनी द्यायचा, आणि वर पोरांनीच खोटं बोलून तुम्हाला झोप लागू द्यायची? ट्रेंटचं काडतूस बाबांनी भरलं होतं. बाबांनी, स्वतःच्या हातानं, काका, आणि तुम्ही आज तेच मारेनला—

काय? मागं काय बघताय?

...बाबा. प्रेस कधी थांबवलंत?

काका, तुम्ही जा. मारेनची काडतुसं मी भरून देईन, खालून सुरुवात करून, माझ्यासमोर पट्ट्यावर झाडून. शनिवार चुकला तर चुकला. नाही, आता काही बोलू नका. त्यांच्याशी तर नकोच. जा म्हटलं ना. दार ओढून घ्या.

बाबा, द्या तो डबा इकडं. चष्मा कशाला लावताय? बाबा, डब्यावरचं नका वाचू.

हो, बाबा. तेच आहे वजन.