इंग्लंडवरचं माझं एकमेव व्याख्यान

हसू नका, पण इंग्लंडच्या पार्लमेंटवर मीही एकदा व्याख्यान दिलंय. महाराष्ट्र नुकताच झाला होता. धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. गावाचं नाव सांगत नाही. वाचनालयातला कार्यक्रम, अध्यक्ष सरपंच आबाजी. समोर बसलेले पंच त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव आणणार, हे गावभर माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

मी म्हटलं, “तिथलं सरकार पार्लमेंटच्या विश्वासावर टिकतं. बहुमत गेलं की पंतप्रधान घरी.”

पंच खूश झाले. त्यांच्यातले नामदेवराव म्हणाले, “गुरुजी, हे जरा अध्यक्षायकडे पाहून सांगा.”

मी भाबडेपणाने सांगितलंही.

आबाजींनी शांतपणे विचारलं, “मंग पंतप्रधान नुसता पाह्यतच राह्यते का?”

“नाही. तो पार्लमेंटच बरखास्त करायला लावू शकतो. मग सगळ्यांचीच पुन्हा निवडणूक.”

“म्हणजे पाडणाऱ्यायलेही दारोदार मतं मांगाले जा लागते?”

“हो, त्यांनाही.”

“आयकलं का नामदेवराव? मीबी बीडीओसाहेबाले म्हणतो, पुरी पंचायतच मोडा.”

पुढच्या रांगेत एकदम सगळ्यांना खोकला आला.

सोमवारच्या सभेत अविश्वासाचा ठराव आलाच नाही. आला तो दुसराच: यापुढे वाचनालयात परदेशाबद्दल व्याख्यानं ठेवू नयेत. पंचांना माझ्या बोलण्याचा शेवट झोंबला होता, सरपंचांना सुरुवात. त्या पंचायतीत एकमताने मंजूर झालेला तो पहिलाच ठराव.