मेव्हण्याचे ट्रायलोबाइट

आमच्या मेव्हण्याची अक्कल सांगतो. सातपूरला त्याचा कास्टिंगचा कारखाना आहे. त्याने ऑनलाइन दोन ट्रायलोबाइट मागवले, म्हणजे कधीच नामशेष झालेल्या समुद्री जीवांचे जीवाश्म. कॉलेजात हा विषय मी शिकवतो, पण "दाजी, या दोन वेगळ्या जाती," हे तो मला सांगणार.

मी म्हटलं, "दोघांचं कवच डावीकडे एकाच जागी तुटलंय."

"सख्खे भाऊ असतील."

"आणि डोळ्यातलं भोक?"

"ती बाहुली."

"यांच्या डोळ्यात बारीक भिंगं असतात, बाहुली नसते. हा ओतताना राहिलेला बुडबुडा आहे. साच्यातला माल आहे हा."

"कास्टिंग तुम्ही मला शिकवू नका," म्हणत त्याने दोन्ही काचेच्या कपाटात ठेवले. मग टेबलावरचा आपल्याच कारखान्यातला पार्ट उचलला, त्यात तसलंच भोक पाहिलं आणि भंगारात फेकला.